भजनाला पिक्चरची चाल लागली म्हणून देव बाटत नाही

गणपती तोंडावर आले की कोकणातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर दोन विषय हमखास सुरू होतात. एक म्हणजे कोकणकन्येचं तिकीट कुणाचं कन्फर्म झालं आणि कोण वेटिंगवर लटकलाय, आणि दुसरा म्हणजे हल्लीच्या बुवांनी भजनाची कशी वाट लावली. कुणीतरी एक व्हिडिओ टाकतो, त्यात कुडाळ-कणकवलीकडचा एखादा तरुण बुवा नुकत्याच गाजलेल्या पिक्चरच्या गाण्याच्या चालीवर अभंग म्हणत असतो, समोर पोरं शिट्ट्या मारत असतात, आणि खाली लगेच सुरू, ‘भजन खय आसा ह्याच्यात? ह्या तर आर्केस्ट्रा!’ मग संस्कृती येते, मग ‘आमच्या वेळी’ येतं, मग हात जोडलेले इमोजी. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण काही मंडळांच्या स्पर्धेच्या नियमातच आता छापलेलं असतं की सिनेमाच्या चालीवर भजन चालणार नाही, म्हटलं तर मार्क कापू. माझं म्हणणं सरळ आहे, हा नियम काढून टाका. त्याने भजनाचं भलं होत नाही, आणि ज्या परंपरेच्या नावाने तो केलाय त्या परंपरेशी त्याचा फारसा संबंध पण नाही.

या स्पर्धेच्या भजनाला आमच्याकडे डबलबारी म्हणतात, ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन बुवा, दोन संच, आळीपाळीने भजन. पेटीवर स्वतः बुवा, बाजूला पखवाज, झांज, मागे कोरसची पोरं. अभंग होतो, गौळण होते, आणि खरी मजा गजरात, तिथे एक बुवा पुराणातला काहीतरी प्रसंग काढून समोरच्याला कोड्यात टाकतो, दुसरा त्याचं उत्तर देऊन वर आपला प्रश्न चिकटवतो. पोस्टरवर ‘डबलबारी भजनाचा जंगी सामना’ असं लिहिलेलं असतं आणि दोन्ही बुवांच्या नावामागे भजनसम्राट लावलेलं असतं, सिंधुदुर्गात जेवढे सम्राट आहेत तेवढे इतिहासाच्या पुस्तकात पण नसतील. कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी चायच्या टपरीवर ठरतं. रत्नागिरीकडे हाच प्रकार शक्ती-तुऱ्याच्या रूपाने चालतो, तिथे शाहीर, जाखडीचा नाच, पण सवाल-जवाब आणि चाली उचलणं तेच. शक्ती-तुऱ्याच्या शाहिराने पिक्चरची चाल घेतली तर कोणी डोकं धरून बसत नाही, बुवाने घेतली की देव बाटतो. हा दुजाभाव का, ते मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. अभंगाला स्वतःची चाल असते असं जे गृहीत धरलं जातं तेच मला पटत नाही. हरिपाठ घ्या, ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ती चारी साधियेल्या’. अक्षरं मोजा, सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. ‘मोठा अभंग’ म्हणून जो छंद आहे त्याचा सगळा हिशोब एवढाच. ह्रस्व-दीर्घाचं वृत्तासारखं कडक बंधन नाही, अमुक रागात म्हणा असं नाही, अमुक तालात म्हणा असं नाही. त्यामुळे गाणारा मोकळा. सहा अक्षरं दादऱ्याच्या सहा मात्रांत एकेक करून बसतात, केरव्याच्या आठात बसवायची तर दोन अक्षरं जरा ओढायची, झालं काम. आणि हिंदी-मराठी पिक्चरची बहुतेक गाणी याच दोन तालांतली, म्हणून तर ती इतक्या सहज बसतात. वारकऱ्यांच्या चाली आहेत, सुंदर आहेत, पिढ्यानपिढ्या आल्यात, पण त्याही एकाच अभंगाला दहा ठिकाणी दहा ऐकायला मिळतात. तुकोबांनी स्वतः कुठल्या चालीत म्हटलं असेल ते छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्या पायाच पडेन.

आणि उसनी चाल घेणं हे काय कणकवलीच्या पोरांनी शोधून काढलंय का? मराठी संगीत नाटकाची आपण एवढी पूजा करतो, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं त्यातल्या पदांच्या चाली कानडी गाण्यांवरून, लावण्यांवरून, कीर्तनातून, जिथून मिळतील तिथून घेतलेल्या होत्या. जुनी नाटकाची पुस्तकं कधी चाळली असतील तर पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ असं लिहून पुढे कुठल्या तरी भलत्याच गाण्याचा मुखडा दिलेला दिसेल, म्हणजे उसनवारी लपवायची नव्हतीच, उलट गाणाऱ्याला सोपं जावं म्हणून छापायची होती. पुढे ही नाट्यपदं आमच्या दशावतारात, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात आली, राजाचं काम करणारा राजपार्टवाला नाट्यपदाच्या चालीवर तान मारतो आणि पायपेटीवाला मागून सूर धरतो, त्याला आज कोणी भ्रष्ट म्हणत नाही, उलट तेच आता पारंपरिक. आमच्या इकडच्या घरगुती भजनात जुनी माणसं जिला ‘मूळ चाल’ म्हणतात ती जरा कान देऊन ऐका, बऱ्याचदा ती पन्नास-साठ सालच्या एखाद्या हिंदी पिक्चरमधली निघते. मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला चाकरमानी परळ-लालबागच्या चाळीत रेडिओवर ऐकायचा, चाळीतल्या मंडळात त्यावर अभंग बसवायचा आणि गणपतीला गावी घेऊन यायचा. त्याच्या नातवाने आज हेच केलं तर त्याचे मार्क कापायचे, हा कुठला न्याय?

पेटीचं तर अजून भारी आहे. भजनातून पेटी काढून टाका असं म्हणणारा कोकणात एक माणूस सापडणार नाही. पण ती आली कुठून? युरोपातून. पॅरिसमध्ये १८४०च्या दशकात तिचं पेटंट घेतलं गेलं, मग कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला हाताने भाता ओढायचं, मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं, आणि तिथून ती देशभर पसरली. शास्त्रीयवाल्यांना ती इतकी परकी वाटायची की आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तीस वर्षं! तेवढ्या काळात आमच्या वाड्यावाड्यांतून पेटीवर किती भजनं झाली असतील त्याचा हिशोबच नको. म्हणजे ज्या वाद्यावर बोटं ठेवून बुवा परंपरा सांगतो ते वाद्यच बाहेरून आलेलं आणि एकेकाळी बंदी भोगलेलं.

बंदीवरून आठवलं, हा प्रयोग आपल्या देशात आधी होऊन गेलाय आणि तोही एका मराठी माणसाने केलाय. १९५२ साली बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम, आणि सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरची पिक्चरची गाणी त्यांनी जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं स्टेशन लावलं. त्याच वर्षी तिकडे पिक्चरच्या गाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात गेला. शेवटी सरकारलाच १९५७ च्या ऑक्टोबरात पिक्चरची गाणी लावणारी विविध भारती काढावी लागली. बंदीने लोकांची आवड सुधारली नाही, आकाशवाणीचे श्रोते तेवढे गेले. आता सांगा, भजन स्पर्धेत पिक्चरची चाल बंद केली तर वाडीतला अठरा-वीस वर्षांचा पोरगा काय करेल? तो काय एकदम सुधारून गुरुजींकडे यमन घोटायला बसेल? तो डीजेवाल्याकडे जाईल. डीजेवाला कुणाला नियम वाचायला देत नाही.

अजून एक गंमत. पिक्चरची चाल म्हणजे मुंबईची, बाहेरची, आपली नव्हे, असं जे म्हणतात त्यांनी गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून जरा पलीकडे बघावं. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात ऑर्केस्ट्रा बांधणारे, म्युझिक अरेंज करणारे कितीतरी लोक गोव्याचे होते. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, दोघेही गोव्याचे. १९७३च्या ‘बॉबी’तल्या त्या ‘घे घे घे रे सायबा’वर अख्खा देश नाचला, ते तर सरळ गोव्यातल्या कोंकणी लोकगीतावरून उचललेलं. म्हणजे याच किनाऱ्यावरनं गेलेलं गाणं मुंबईला जाऊन, झगमगीत कपडे घालून परत आलं तर आपण त्याला दारात उभं करून विचारतोय, तू कोणाचा?

एवढं सगळं म्हटल्यावर लोकांना वाटतं की मी काहीही चालेल असं म्हणतोय. तसं नाही. वाईट उसनवारी असते आणि ती ऐकताना कान किटतात. काही बुवा काय करतात, गाण्याचे शब्द काढतात आणि तिथे देवाचं नाव कोंबतात, बास. मग होतं काय तर चालीतल्या जागा आणि अभंगातले शब्द यांची मारामारी, ‘पंढरी’तला ‘पं’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘ढरी’ पुढच्या ओळीत, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात विठ्ठल न येता ती हिरॉइन येते. आयटम साँगवर तुकाराम म्हणणाऱ्याला माझाही विरोध आहे, पण तो चालीला नाही, त्याच्या आळसाला आहे. याउलट चांगला बुवा बघा. तो पिक्चरचा मुखडा घेतो फक्त. पहिल्या कडव्याला पब्लिक ओळखतं, शिट्टी पडते, कोरस उचलून धरतो. दुसऱ्या कडव्याला तो हळूच मुखडा सोडतो, ज्या रागाच्या जवळपास ती चाल आहे त्यात आलाप घेतो, पखवाजवाला ते ओळखून ठेका बदलतो, झांज थांबते, आणि ज्या पोरांनी आता शिट्ट्या मारल्या तीच पोरं गप्प होऊन बसतात. मग तो लयीत परत मुखड्यावर येतो तेव्हा ते गाणं पिक्चरचं राहिलेलं नसतं. हे ज्याने एकदा पाहिलंय तो परत नियमावली छापायच्या भानगडीत पडणार नाही.

त्या पखवाजवाल्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण या सगळ्या भांडणात त्याच्याकडे कोणी बघत नाही. सामना सुरू व्हायच्या आधी स्टेजच्या कडेला बघा, तो कणीक मळत बसलेला असतो, खरंच कणीक, भिजवलेली. ती डाव्या तोंडाला, धुम्याला, थापायची, थोडी जास्त झाली तर आवाज बसतो, थोडी कमी झाली तर पोकळ वाजतो, मग बोटाने खरवडून काढायची, परत थाप मारून बघायची. उजवी बाजू हातोडीने गठ्ठे ठोकून पेटीच्या सुराला मिळवायची, आणि बुवा वरच्या पट्टीत गाणारा असला तर ते चामड्याचं पान कधी फाटेल त्याचा नेम नाही, म्हणून बाजूला दुसरा पखवाज तयार. स्टेजवर एलईडीची भिंत आहे, संचाला एका रंगाची जॅकेटं आहेत, बुवाची एन्ट्री टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोसारखी धुरातून होते, आणि या सगळ्याच्या मधे एक माणूस कणीक मळतोय. ‘आर्केस्ट्रा झाला’ म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. आणि ही पोरं, बावीस-तेवीसची, दिवसा कुठे एमआयडीसीत नाहीतर मोबाईलच्या दुकानात काम करून रात्री तालमीला बसतात, त्यांना या वाद्याकडे कोणी ओढून आणलं? त्या चालींनीच आणलं.

मग भजनाचं काहीच बिघडत नाहीये का? बिघडतंय की. पण ते दुसरीकडे. पहिली गोष्ट आवाज. पखवाजाला माईक लावून त्याचा बेस एवढा वाढवायचा की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडावं, याला भक्ती म्हणायचं कारण नाही. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हे सगळं २००० सालच्या नियमात लिहिलेलं आहे आणि आपण सगळे ते वाचल्यासारखं करतो. चालीवर नियम करणारी मंडळं आवाजाबद्दल नियम का करत नाहीत? पन्नास माणसांच्या अंगणात मोठ्या मैदानाचे स्पीकर कशाला हवेत?

दुसरी गोष्ट क्लिप. सामना तीन-चार तासांचा, त्यातून मोबाईलवर फिरतं काय तर चाळीस सेकंद, एक बुवा दुसऱ्याला टोमणा मारतोय एवढंच. ‘बुवाने काढली बुवाची लाज’ अशा मथळ्याखाली. बुवांनाही कळलंय की फिरतं ते टोमण्याचं, मग अभंग उरकायचा आणि गजरात एकमेकांची उणीदुणी काढत बसायचं. पूर्वीही टोमणे होते, मालवणी माणसाला टोमण्याशिवाय जेवण जात नाही, पण ते पुराणातल्या प्रश्नाला चिकटून यायचे, समोरच्याला वाचायला लावायचे. आता प्रश्न गेला, टोमणा उरला. आणि गंमत म्हणजे ग्रुपवर चालीच्या नावाने गळा काढणारे हेच लोक त्या टोमण्याच्या क्लिपा आधी फॉरवर्ड करतात.

तिसरं जरा नाजूक आहे, पण बोलतोच. कोकणात काय टिकावं हे बऱ्याचदा पाच-सात दिवसांसाठी येणारा ठरवतो. मी चाकरमान्यांच्या विरोधात नाही, त्यांच्या वर्गणीवर अर्ध्या कोकणातले उत्सव उभे आहेत आणि मुंबईत हॉल घेऊन डबलबाऱ्या, नमनं, शक्ती-तुरे लावतात तेही तेच. पण त्यांना गाव लहानपणी सोडून गेले तसंच हवं असतं. घर कौलारू हवं, चूल हवी, भजन जुन्या चालीचं हवं. गळकं कौल बारा महिने बदलतो कोण? टीव्हीवाल्यांचं तर याहून सोपं, त्यांना मालवणी बोलणारा माणूस दिसला की एकतर तो विनोदी नोकर करायचा नाहीतर त्याच्या मागे भूत लावायचं. २०२५च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ नावाचा पिक्चर आला, चांगला चालला, दिलीप प्रभावळकरांना बघून माणसं थेटरात डोळे पुसत होती, छान झालं. पण त्यातली किती जत्रेला रात्री दोन वाजता थंडीत गोणपाटावर बसून खरा दशावतार बघतील? आणि तिथे ट्रिकसीनमध्ये राक्षसाच्या तोंडातून धूर निघाला की हीच मंडळी नाक मुरडणार, ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’. जो वर्षभर इथे राहतो, जत्रेला जातो, भजनाला बसतो, त्याला नवीन काहीतरी ऐकावंसं वाटणारच, त्याला तेवढा हक्क आहे.

राहता राहिला नियम. छापायचाच असेल तर माझ्याकडे एक आहे आणि तो पिक्चरच्या चालीला नि जुन्या चालीला, दोघांना सारखाच लावा. अभंग घेतला तर पुरा म्हणायचा. हल्ली काय होतं, धृपद आणि एक चरण झाला की बुवा लग्गीत, म्हणजे जलद ठेक्यात शिरतो, पखवाज-झांजेची जुगलबंदी होते, टाळ्या पडतात आणि अभंग तिथेच सुटतो, ‘तुका म्हणे’ येतच नाही. ज्या ओळीत तुकोबाने आपलं म्हणणं सांगितलं तीच गायब. जुन्या चालीवाले पण हे करतात, आणि त्यांचे मार्क कोणी कापत नाही. परीक्षकांनी चाल कुठली ते शोधण्यापेक्षा हातात गाथा घेऊन बसावं आणि सगळे चरण झाले की नाही, शब्द नीट आले की नाही, तेवढं बघावं. गाथा नसली तर मोबाईलवर मिळते, तसंही सामना चालू असताना अर्धे परीक्षक मोबाईलच बघत असतात.